काळ्या पडद्यावरचे धडे

नव्वदच्या दशकात अंबाजोगाईत किंवा माजलगावात कुणी संगणकाचा क्लास लावला, की पहिल्या दिवशी समोर काळा पडदा यायचा. डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस हा तेव्हाचा ठरलेला अभ्यासक्रम. ‘डीआयआर’ टाइप करून एंटर दाबलं की फायलींची यादी सरसर खाली उतरायची. ‘सीडी’ म्हटलं की एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता यायचं. 2001 मध्ये एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र चालू लागलं आणि तालुक्या-तालुक्यात केंद्रं उघडली. ग्रामीण महाराष्ट्रात संगणकाची भीती मोडली ती बरीचशी या अभ्यासक्रमानं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण त्याच सुमाराला काळा पडदा शिकवण्यातून गेला. एमएस-सीआयटी झालेल्या मुलाला स्टार्ट मेनू, वर्ड, एक्सेल येतं. संगणकाला लिहून हुकूम सोडता येतो, ही कल्पना त्याच्या कानावर पडतेच असं नाही.

तो पडदा आता लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या टर्मिनलच्या रूपानं परत आला आहे. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला, शिक्षकाला किंवा कार्यालयातल्या लिपिकाला लिनक्सच्या प्राथमिक कमांड शिकायच्या असतील, तर आज वाटा कोणत्या आणि त्या कुठवर नेतात, हे पाहण्यासारखं आहे. अडचणी म्हणून यंत्र, इंटरनेट आणि इंग्रजी या तीन गोष्टी सांगितल्या जातात. तिन्हींत तथ्य आहे. पण सगळ्या वाटा तपासल्यावर मला मोठी उणीव दिसते ती चौथीच: शिकणाऱ्याच्या हातात स्वतःची फाईल आणि स्वतःचा प्रश्न नसतो. त्यामुळे कमांड पाठ होतात आणि परीक्षेनंतर आठवड्याभरात विसरल्या जातात.

आधी हे स्पष्ट करू, की लिनक्स जिल्ह्यात नवं नाही. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठीच्या ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं उबुंटू लिनक्स स्वीकारलं, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली बांधली पुण्याच्या एनआयसीनं. त्यासाठी न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबुंटूचं प्रशिक्षण देण्याची रीतसर व्यवस्था झाली. केंद्र सरकारनं 2015 मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं, त्याच्या आधीपासून हे चालू होतं. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकही लिनक्सशिवाय नाही. पुण्यात सी-डॅकनं उभी केलेली ‘परम’ मालिकेतली अलीकडची यंत्रंही त्याच वाटेची. बीडमधून पुण्या-मुंबईला संगणकाच्या नोकरीला जाणाऱ्या पोरांना पहिल्या महिन्यात जे सर्व्हर सांभाळायला मिळतात, त्यांना बहुधा माऊस लावलेलाच नसतो.

आणखी एक कारण ताजं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टनं थांबवली. विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपची सोय शाळा-महाविद्यालयांतल्या पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. ही यंत्रं भंगारात निघण्याआधी त्यांवर लुबुंटू किंवा झुबुंटूसारखी हलकी आवृत्ती घालून पाहायला काही पैसे पडत नाहीत. यंत्र फारच जुनं, 32 बिटचं असेल, तर मात्र घाई करावी लागेल: 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन 13 पासून डेबियननंही अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं आहे, डेबियन 12 वर भागवावं लागतं.

आता वाटांकडे. पहिली अर्थातच महाविद्यालयाची. जिल्ह्यातली पदवी महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. संगणकशास्त्राच्या किंवा बीसीएच्या विद्यार्थ्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात कधीतरी टर्मिनल भेटतं. त्याचा शेवट होतो जर्नलमध्ये. डाव्या पानावर कमांडचं नाव, उजव्या पानावर आउटपुट, खाली सरांची सही. बाहेरून आलेले परीक्षक व्हायवात विचारतात, ‘ग्रेपचे चार पर्याय सांगा’, आणि विद्यार्थी सांगतो. संदर्भाला सुमिताभ दास यांचं जाडजूड पुस्तक किंवा नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं युनिक्स शेल प्रोग्रामिंग असतं. दोन्ही पुस्तकं चांगली, दोन्ही इंग्रजीत. कानेटकरांची भाषा सोपी असल्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांना तीच जवळची वाटते. दोष पुस्तकांचा नाही. जर्नल पूर्ण करणं हेच ध्येय झालं की आउटपुट शेजारच्याच्या वहीतून उतरतं, आणि जे उतरवलं त्यात चूक कशी दिसते हे कळतच नाही. टर्मिनल शिकण्यात निम्मं शिक्षण चुकीचा संदेश वाचण्यात असतं.

दुसरी वाट मराठीतून जाते आणि तिची माहिती असायला हवी तितकी नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं, केंद्राच्या शिक्षण खात्याच्या निधीतून स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ, पडद्यावर इंग्रजी, कानात मराठी. लिनक्सच्या मालिकेत प्राथमिक कमांड, फायलींची रचना, फायलींचे गुणधर्म, रीडायरेक्शन आणि पाइप, प्रोसेस, ग्रेप, सेड असे पाठ क्रमानं आहेत. पाठ थांबवायचा, तेच आपल्या यंत्रावर करायचं, मग पुढे जायचं, ही त्याची पद्धत. पाठ उतरवून ठेवता येतात, त्यामुळे नेटवर्क जात-येत असलं तरी अडत नाही. काही पाठ उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांवर चित्रित झालेले आहेत म्हणून तक्रार ऐकू येते. ती फारशी खरी नाही, कारण कमांड फारशा बदललेल्याच नाहीत.

हा मुद्दा जरा थांबून सांगण्यासारखा आहे. युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला. नोव्हेंबर 1971 मध्ये त्याची पहिली नियमपुस्तिका निघाली. तिच्यात ‘एलएस’, ‘कॅट’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’, ‘डब्ल्यूसी’, ‘एमकेडीआयआर’, ‘सीएचमॉड’ आहेत. ‘सीडी’ तेवढी ‘सीएचडीआयआर’ या लांब नावानं आहे. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सचा गाभा लिहिला, रिचर्ड स्टॉलमनच्या जीएनयू प्रकल्पानं भोवतालची हत्यारं पुरवली, आणि नावं तीच राहिली. 2025 च्या ऑक्टोबरात उबुंटूनं यांतल्या बहुतेक कमांड आतून रस्ट या नव्या भाषेत लिहिलेल्या घेतल्या. वापरणाऱ्याला मात्र जुनंच सगळं टाइप करायचं आहे. उलट 2007 मध्ये ऑफिसची मेनूपट्टी बदलली तेव्हा एमएस-सीआयटीच्या पुस्तकांतली चित्रं एका रात्रीत जुनी झाली होती. गरिबाच्या मुलानं काय शिकावं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, जे पन्नास वर्षं बदललं नाही ते.

तिसरी वाट फोनची. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अशा घरातल्या विद्यार्थ्याकडे संगणक असण्याचा प्रश्नच नसतो, फोन मात्र असतो आणि तो बरोबर जातो. त्या फोनवर टर्मक्स हे फुकट अ‍ॅप घातलं की बॅशचं खरंखुरं टर्मिनल मिळतं. हे अ‍ॅप प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइड या मुक्त भांडारातून घ्यावं. टर्मक्सच्या कर्त्यांचाच तसा सल्ला आहे. लागणारी हत्यारं एकदा ‘पीकेजी’नं उतरवून घेतली की पुढचा सराव इंटरनेटशिवाय होतो, आणि भारनियमनात मध्येच यंत्र बंद पडण्याची धास्तीही नसते. मर्यादा आहेतच. बोटभर कीबोर्डवर तिरकी रेघ आणि उभी रेघ शोधताना जीव जातो, ओटीजी केबलनं साधा कीबोर्ड जोडला तर सुटका होते. फायलींची मांडणी नेहमीच्या लिनक्सपेक्षा वेगळी, त्यामुळे पुस्तकातला पत्ता फोनवर सापडत नाही. पण पहिल्या तीस-चाळीस कमांडांसाठी याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही. गूगलनंही 2025 मध्ये आपल्या पिक्सेल फोनांत डेबियनचं टर्मिनल दिलं. ते फोन बीडच्या बाजारात किती जणांना परवडणार हा वेगळा प्रश्न.

बाकीच्या वाटांबद्दल थोडक्यात. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल सोयीचं आहे, पण त्याला बऱ्यापैकी ताकदीचं यंत्र लागतं. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवून पाहणं सर्वांत निर्धोक. यंत्रातल्या विंडोजला धक्का लागत नाही. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं 2007 पासून काढलेलं, डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, सरकारी कार्यालयांसाठी त्याचा आग्रहही धरला जातो. शिकायला ते चालेल, फक्त अडल्यावर मदत शोधताना उबुंटूच्या किंवा डेबियनच्या नावानं शोधावं, उत्तर लवकर सापडतं. यूट्यूबवर हिंदी आणि मराठी चित्रफितींचा सुकाळ आहे. त्यांत ‘पन्नास कमांड एका तासात’ असा थाट असतो, आणि तो तास संपल्यावर पाहणाऱ्याला पन्नासांतली एकही वापरायचं कारण मिळालेलं नसतं. पुण्याचा लिनक्स युजर्स ग्रुप देशातल्या जुन्या गटांपैकी एक. तिथल्या बैठकांत नवख्याला शेजारी बसून शिकवणारी माणसं भेटत आली. बीड-परळीला तसं शेजारी बसणारं माणूस शोधावं लागतं, आणि ही उणीव कोणतीही चित्रफीत भरून काढत नाही.

मग शिकायचं काय आणि कोणत्या क्रमानं? आपण कुठे आहोत, इथे काय आहे, तिकडे कसं जायचं, एवढ्यासाठी तीन कमांड. फोल्डर करणं, नक्कल करणं, हलवणं, पुसणं यांसाठी आणखी चार. यात एकाच ठिकाणी थांबून बजवायला हवं: ‘आरएम’नं पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ते गेलं. सुरुवातीला ‘-आय’ हा पर्याय जोडून पुसावं, म्हणजे यंत्र आधी विचारतं. प्रशासकाचे अधिकार देणारी ‘सुडो’ लावून कुठली तरी ओळ चित्रफितीतून उतरवणं हा याहून मोठा धोका. विंडोजवरून आलेल्यांना मोठं बी आणि लहान बी ही दोन वेगळी नावं वाटत नाहीत, नावातल्या मोकळ्या जागेमुळे कमांड तुटते, हे दोन अडथळे पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला लागतात. परवानग्यांचे आकडे, म्हणजे सातशे पंचावन्न वगैरे, पहिल्या महिन्यात सोडून दिले तरी चालतात. ‘मॅन’ मात्र पहिल्या दिवशीच शिकवावी. कमांडची माहिती यंत्रातच, इंटरनेटशिवाय, वाचता येते हे कळलं की विद्यार्थी सरांवर कमी आणि स्वतःवर जास्त विसंबतो. ती माहिती इंग्रजीत आहे, आणि कोरडी आहे. तरीही तिच्यात लागणारे इंग्रजी शब्द शंभर-सव्वाशेच्या वर नसतील. बारावीच्या इंग्रजीपेक्षा हे ओझं हलकं.

खरी मजा सुरू होते पाइपपासून. बेल प्रयोगशाळेतल्या डग मॅकिलरॉय यांनी 1964 मधल्या एका टिपणात म्हटलं होतं की बागेतल्या नळीला जसा दुसरा तुकडा फिरवून बसवतात तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. 1973 मध्ये ते युनिक्समध्ये आलं. ठिबकच्या नळ्यांना जोडण्या बसवणाऱ्या जिल्ह्यात ही कल्पना समजावायला फळा लागू नये.

उदाहरण बीडचंच घ्या. पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ 2020 च्या खरिपात इथूनच सुरू झाला. समजा, तालुका, महसूल मंडळ, पीक आणि क्षेत्र असे रकाने असलेली हजारो ओळींची विम्याची यादी आपल्याकडे साध्या सीएसव्ही फायलीत आहे, नावं वगळून. माजलगाव तालुक्यात कोणत्या पिकाच्या किती नोंदी? ‘ग्रेप’नं माजलगावच्या ओळी काढायच्या, ‘कट’नं पिकाचा रकाना वेगळा करायचा, ‘सॉर्ट’नं एकसारखी नावं एकापाठोपाठ आणायची, ‘युनिक -सी’नं मोजायची. चार शब्द, त्यांना जोडणाऱ्या तीन उभ्या रेघा, म्हणजेच पाइप. ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या ओळी पडताळतं म्हणून आधी ‘सॉर्ट’ हवी, हे जर्नलमध्ये लिहून कळत नाही. एकदा ‘सॉर्ट’ विसरून कापूस सतरा ठिकाणी विखुरलेला दिसला की कायमचं कळतं. मग निकालात ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’ अशी दोन पिकं निघतात. इथे विद्यार्थ्याला मजकूर बदलणारी ‘सेड’ का जन्माला आली हे कुणी सांगावं लागत नाही.

अशा फायलीला हात घातला की मराठीचे म्हणून वेगळे प्रश्न समोर येतात, आणि त्यांबद्दल कुठल्याही वाटेवर फारसं शिकवलं जात नाही. माझ्या मते या आढाव्यातली हीसुद्धा एक मोठी पोकळी. कीबोर्ड इनस्क्रिप्ट मराठीवर राहून गेला आणि ‘एलएस’च्या दोन कळा दाबल्या, तर पडद्यावर ‘ते’ उमटतं, आणि बॅश उत्तर देतो की ‘ते’ नावाची कमांड सापडली नाही. टायपिंगच्या परीक्षेची तयारी केलेल्या मुलांना हे हमखास होतं. भाषा बदलायची कळ बोटात बसवणं हाच उपाय. पुढे, ‘बीड’ हा शब्द ‘इको’नं सोडून ‘डब्ल्यूसी -सी’ला मोजायला सांगा: उत्तर येतं 10. डोळ्यांना अक्षरं दोन दिसतात, युनिकोडच्या हिशेबी ब, दीर्घ वेलांटी आणि ड अशी तीन चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, आणि ओळ संपल्याची खूण एक. ‘डब्ल्यूसी -एम’ म्हटलं तर 4. वर्गात हा एक प्रयोग केला की बाइट, चिन्ह आणि अक्षर यांतला फरक कळतो.

वर्णक्रमाचंही तसंच. भाषेची मांडणी (लोकेल) ‘सी’ ठेवून ‘सॉर्ट’ केली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे. बालवाडीपासून आपण तो ‘ह’नंतर म्हणत आलो. त्याहून चकवणारी गोष्ट ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दात आहे, आणि हा शब्द नसलेली सरकारी फाईल सापडणं कठीण. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: ‘ऱ’ या वेगळ्या चिन्हाला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक अदृश्य जोडखूण ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच. ‘ग्रेप’ मात्र एक शोधताना दुसरं ओलांडून जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेल्या फायलींची गोष्ट तर याहून बिकट. त्यात मराठी नसतंच, मराठीसारखी दिसणारी इंग्रजी चिन्हं असतात. आणि टर्मिनलची खिडकी समान रुंदीच्या चौकटींची बनलेली असल्यामुळे जोडाक्षरं अनेकदा तुटकी, वेलांट्या सरकलेल्या दिसतात. काही टर्मिनलं हे बरं सांभाळतात, काही अजिबात नाही. फाईल बिघडलेली नसते, फक्त दिसायला तशी दिसते. हे आधी सांगितलं नाही तर नवखा घाबरून फाईल ‘दुरुस्त’ करायला घेतो आणि मग ती खरंच बिघडते.

आता व्यवस्थेकडे. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. काइट ही तिथली सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती काढते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. तशी राज्यव्यापी व्यवस्था महाराष्ट्रात उभी राहण्याची वाट पाहत बसायचं कारण मला दिसत नाही, कारण यंत्रं, पाठ आणि फोन आधीच इथे आहेत. महाविद्यालयांना एक बदल स्वतःच्या अखत्यारीत करता येईल. प्रात्यक्षिकाच्या सराव-परीक्षेत कमांडचे पर्याय लिहायला सांगू नयेत. पर्जन्यमानाची, बाजारभावाची किंवा गावांच्या नावांची एखादी मराठी फाईल द्यावी, एक प्रश्न द्यावा, ‘मॅन’ उघडी ठेवायची परवानगी द्यावी आणि अर्धा तास द्यावा. गुण उत्तराला कमी आणि ‘हिस्टरी’ या कमांडनं दिसणाऱ्या प्रयत्नांच्या यादीला जास्त. तिच्यात कोण कुठे अडकलं, कुणी संदेश वाचून वाट बदलली आणि कुणी तीच चूक सात वेळा दाबली, हे सगळं क्रमानं दिसतं. ही यादी शेजारच्याच्या वहीतून उतरवता येत नाही.